विहिरीच्या तोंडावरचे काटे

बाईंना माणसांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता. माणूस काय करतो ते एकदा कळलं की तेच त्याचं नाव होई. संस्थेतले दाताचे डॉक्टर म्हणजे 'दात'. विम्याचं काम करणारे एक गृहस्थ होते, ते 'विमा'. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून मी 'लायब्ररी'.

आमची ओळख गटारीच्या काठावर झाली. निवृत्तीनंतर मी सकाळी फिरायला जाऊ लागलो होतो. रस्त्याकडेच्या गटारीत उतरलेली एक उंच, धिप्पाड बाई वर न बघताच म्हणाली, "ओ पावणं, ते घमेलं धरा जरा."

मी धरलं. घमेल्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या आणि कुणा होतकरू नेतृत्वाच्या वाढदिवसाचा अर्धा फलक होता.

"काय करता?"

"निवृत्त झालो. ग्रंथपाल होतो."

"मग सवड हाय तुमास्नी. उद्या उजाडायला या."

अशा रीतीने मी पर्यावरणाच्या चळवळीत आलो. इतरांच्या बाबतीत म्हणे आधी एखादं पुस्तक वाचनात येतं, मग अस्वस्थता येते, मग जीवनाची दिशा बदलते. माझ्या बाबतीत फक्त घमेलं आलं.

बाई मुलींच्या हायस्कुलात पी.टी. शिकवत. नोकरी संपली, पण गळ्यातली शिट्टी उतरली नाही. आवाज असा की राजारामपुरीत एका गल्लीत बोलल्या तर पुढच्या गल्लीतला रिक्षावाला वळून बघे. कोल्हापुरातल्या बऱ्याच बायकांप्रमाणे त्याही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलत. पुण्याहून आलेल्या एका कार्यकर्तीने त्यावरून त्यांना स्त्रीमुक्तीचा प्रश्न विचारला होता. बाईंनी तिच्या हातात खराटा दिला.

संस्थेचं नाव इतकं लांब होतं की ते कुठल्याही बॅनरवर एका ओळीत मावत नसे. ते नाव बाईंनी मुद्दाम तसं ठेवलं होतं अशी माझी समजूत आहे. शहराच्या आसपासचे ओढे, तळी, जुन्या विहिरी यांतला गाळ आणि कचरा काढायचा, एवढंच संस्थेचं काम. बैठका डॉक्टरांच्या दवाखान्यात, शेवटचा पेशंट गेल्यावर होत. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं रंगीत चित्र होतं. त्याच्याखाली बसून नद्यांच्या भवितव्याची चर्चा करताना माणूस आपोआप नम्र होतो. बाई उभ्या राहत. "सावधान!" म्हणत, उद्या कुठे जायचं ते सांगत, "विश्राम!" म्हणत. बैठक संपली. ठराव, सूचक, अनुमोदक, आभार यांतलं काही नाही. मी इतकी वर्षं निरनिराळ्या समित्यांवर काढली, पण कमी बोलून काम झाल्याचं मी तिथेच पाहिलं.

सत्काराचं त्यांना वावडं होतं. हाराची फुलं अंगाला खाजतात, असं सांगून त्यांनी किती तरी निमंत्रणं टाळली. एकदा मात्र त्या सापडल्या. पर्यावरणाचा कसला तरी पुरस्कार होता. व्यासपीठ थर्माकोलच्या झाडांनी सजवलं होतं आणि प्रमुख पाहुण्यांना प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले गुच्छ दिले जात होते. बाई मागच्या रांगेत शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी शेजारच्या विम्याला ढोसलं. "जावा, तुमीच घ्या. मी लघवीला गेलोय म्हणून सांगा." विमा गेले आणि मराठी भाषणांत न बसणारं ते कारण त्यांनी माइकवरून जसंच्या तसं सांगितलं.

कुणाची स्तुती करायची तर बाई "बरं हाय" म्हणत. एवढंच. चिखलात चार तास काम केल्यावर मिळालेल्या 'बरं हाय'वर डॉक्टर आठवडाभर खूश असत. डॉक्टर पन्नाशीचे, गोरेगोमटे, हळवे. बाईंनी त्यांच्या बहिणीला शाळेत शिकवलं होतं. दवाखान्यात त्यांच्यापुढे सगळं गाव तोंड उघडून निमूट पडून राहायचं, आणि बाईंपुढे हे निमूट. बाईंवर त्यांचा जीव होता. तो त्यांना लपवताही येत नसे, आणि बाईंना तो दिसल्याचं दाखवता येत नसे.

बाईंची आणखी एक सवय होती, आणि आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे ते तिच्यामुळेच. त्या कारण सांगत नसत. 'हिथला गाळ तिकडं टाका' म्हणत, का ते सांगत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "लायब्ररी, कवायतीत कारण सांगत बसलं तर कवायत व्हत न्हाय." मला ते वाक्य आवडलं होतं. चार लोकांत मी ते सांगतही असे.

सुरुवातीच्या वर्षांत आम्ही उपनगराच्या कडेचं एक लहान तळं साफ केलं. जलपर्णी काढली, गाळ काढला, काठ मोकळा केला. दोन पावसाळ्यांनंतर तिथे पाणकोंबड्या आणि बगळे आले. पाणी दिसायला लागल्यावर माणसंही आली. माणसांमागून फोटो आले, फोटोंमागून पुढारी आले आणि पुढाऱ्यांमागून निधी आला. तळ्याचं सुशोभीकरण झालं. काठाला दगडी बांध होता तिथे सिमेंटची भिंत आली, भिंतीवर रंगीत दिवे आले, मध्यभागी कारंजं आलं. फायबरचे दोन बगळे बसवले, कारण खरे गेले होते. आमच्या मंडळींना हे मोठं यश वाटलं. पेपरात संस्थेचं नाव आलं, अर्थात अर्धंच. डॉक्टरांनी दवाखान्यात पेढे वाटले. उद्घाटनाला बाई आल्या नाहीत. 'बाई तऱ्हेवाईकच,' असं सगळे कौतुकाने म्हणाले.

बाई नंतर एकट्याच तिथे जाऊन आल्या. मला भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मासं मेलं सगळं."

त्यानंतर आम्ही गडमुडशिंगीच्या वाटेवरची ती विहीर हाती घेतली. शेतांच्या मध्ये, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी जुनी दगडी विहीर. आसपासचे लोक तिला नुसतं 'बाव' म्हणत. बाव गाळाने अर्धी भरली होती. आम्ही दोन उन्हाळे खपून तो काढला. तळाशी पोचलो तेव्हा दगडांच्या फटींतून पाणी झिरपताना दिसलं. चार-पाच ठिकाणी चांगले झरे होते. शेजारी सात-आठ घरांची वस्ती होती. तिथल्या नळाला उन्हाळ्यात फक्त हवा येई. ती वस्ती त्या पाण्यावर तरली. भिंतींतल्या भोकांत साळुंक्या राहायला आल्या, एक कासव कुठून तरी आलं, आणि एक विरोळा, पाण्यातला बिनविषारी साप, कायम तिसऱ्या पायरीवर ऊन खात पडलेला असे. तो उठेपर्यंत बाई आम्हाला थांबवत. "त्यो हिथला हाय. आपुन पावणं."

आतून ती जागा देवघरासारखी झाली. बाहेरून मात्र बघवत नसे. जिथून पायऱ्या सुरू होतात त्या तोंडावर बाभळीच्या काट्यांचा भलामोठा ढीग, त्यावर फाटकी पोती, कुजकं पाचट, मोडकी टोपली. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, इथे उकिरडा आहे. शेतातून एक अरुंद वाट वळसा घालून आत जाई, ती आम्हाला आणि वस्तीला ठाऊक. डॉक्टरांनी किती तरी वेळा विचारलं, "बाई, हे तोंड पण साफ करून टाकूया की." बाई म्हणत, "दार राहू दे."

राहू दे म्हणजे राहू दे. आमच्यापैकी काहींना वाटलं, काही देवदेवस्कीचं असेल. विम्याला वाटलं, बाईंचा उत्साह संपला. डॉक्टरांना वाटलं, बाई थकल्या, शेवटचं एवढं काम त्यांच्याने राहून गेलं. कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. कारण माहीत होतं ते फक्त चाचांना. चाचांचं शेत बावेला लागून होतं. ते आणि त्यांच्या आधीच्या किती तरी पिढ्या तिथेच ऊस आणि भाजी करत आलेल्या. दरवर्षी पावसाळा सरला की चाचा नव्या बाभळी छाटून त्या ढिगावर आणून टाकत. बाईंनीच सांगितलं होतं त्यांना. स्वच्छ जागा दिसली की फीत कापायला माणूस येतो, आणि फितीमागून सिमेंट येतं. तळ्यावर त्यांनी ते बघितलं होतं. म्हणून बाव आतून ठेवायची आणि बाहेरून झाकायची. एवढा साधा बेत होता. एका वाक्यात सांगता आला असता.

मग बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. विश्रांतीसाठी त्या कुरुंदवाडला भावाकडे जाऊन राहिल्या. दोन महिने शिट्टी ऐकू आली नाही. त्या परत येणार त्याच आठवड्यात त्यांची पंच्याहत्तरी होती. सत्कार, शाल, गौरवग्रंथ यांतलं काहीही केलं तर बाई उठून जातील हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा डॉक्टरांना एक कल्पना सुचली. ती मला त्यांनी फोनवर सांगितली नाही, 'तुम्हालाही सरप्राइज' एवढंच म्हणाले. मी त्या दिवसांत मुलीकडे होतो आणि थेट वाढदिवसाच्या सकाळी परतलो.

आम्ही बाईंना गाडीतून बावेवर नेलं. गाडी सरळ तोंडाशी थांबली; शेतातल्या वाटेने वळसा घालावा लागला नाही. बाभळीच्या काट्या नव्हत्या. पोती, पाचट, टोपली काहीच नव्हतं. जमीन सारवलेली, पायऱ्या धुतलेल्या, दोन्ही बाजूंना झेंडूच्या कुंड्या. मध्ये रांगोळीने काढलेली मोठी शिट्टी. रस्त्यावरून विहीर थेट तळापर्यंत दिसत होती, पाण्यासकट. मी खरंच थबकलो. इतकी देखणी जागा आपण इतकी वर्षं वाकून, काटे चुकवत बघत होतो!

डॉक्टर बाईंच्या पुढे उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. "बाई, तुमचं राहिलेलं काम," ते म्हणाले. "आम्ही पुरं केलं. आठ दिवस सगळे येत होतो."

बाई काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी पायऱ्यांकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग विमा मोबाइल उंच धरून जे चित्रीकरण करत होते तिकडे. मला वाटलं, आता शिट्टी वाजणार.

"छान झालंय," बाई म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. डॉक्टर रडलेच. बाईंनी केक कापला, रांगोळीतल्या शिट्टीवर पाय पडू नये म्हणून बाजूने चालत गेल्या आणि मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "लायब्ररी, रिक्षा बगा. मला गाडीत न्हाय बसायचं."

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "बाई, तुम्ही 'छान' म्हणालात."

"व्हय."

"कधी म्हणत नाही तुम्ही."

"कधी एवढं वाटोळं झालंच न्हवतं."

आणि मग त्यांनी मला काट्यांचं सांगितलं. तळ्याचं, फितीचं, चाचांचं. मी म्हटलं, "मग चाचांनी अडवलं कसं नाही?"

"त्येला वाटलं मीच धाडलंय. माजीच माणसं. त्यो बिचारा चहा करून देत हुता त्यास्नी."

"मग आत्ताच सांगायचं होतं. अजून काही बिघडलं नाही."

"काय सांगू? आठ दिस राबल्यात. रांगोळी काढल्या. पोरं खुशीत हायत, तुमी कुणाला बोलू नका."

त्या 'पोरां'तलं सर्वांत लहान पोर पन्नाशीचं होतं.

बाईंनी पुढचा उपाय आपल्या पद्धतीने, म्हणजे न बोलता केला. चार दिवसांनी चाचांनी पुन्हा काट्या आणून टाकल्या. डॉक्टरांनी त्या पाहिल्या आणि ते संतापले. गावातलं कुणी तरी मुद्दाम विटंबना करतंय अशी त्यांची खात्री झाली. काट्या काढल्या. पुन्हा पडल्या. मग दवाखान्यात तातडीची बैठक झाली आणि पहाऱ्याच्या पाळ्या लावायचं ठरलं. बाईंच्या वाट्याला गुरुवार आला. बाईंनी तो मुकाट्याने घेतला. त्या गुरुवारी मी मुद्दाम गेलो. बाई आणि चाचा विहिरीच्या काठावर शेंगा खात बसले होते. शेजारी छाटलेल्या बाभळीची मोळी पडली होती.

"टाकू का न्हको टाकू, काय ते ठरवा बाई," चाचा म्हणत होते. "माजी बैलं ताटकळल्यात."

"टाकलं तर दात उद्या काढतंय. आणि त्येचा हात बगितलासा? सोलून निघालाय."

"मग सांगा की त्येला."

बाईंनी पुढची शेंग सोलली. चाचांनी मोळी परत गाडीत घातली.

विम्याने काढलेलं चित्रीकरण तोपर्यंत सगळीकडे पोचलं होतं. पंधरवड्यात पहिली पांढरी गाडी आली. त्यातून उतरलेल्या माणसाने विहिरीत डोकावून "वा!" म्हटलं, आणि पुढचं सगळं मला तिथेच दिसलं. निधी आला, ठेकेदार आला. तोंडाशी कमान झाली. पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी बसली. आतल्या दगडी भिंती ओबडधोबड दिसतात म्हणून वरपासून खालपर्यंत त्यांना सिमेंटचा गिलावा केला, त्यावर आकाशी रंग दिला आणि माशांची चित्रं काढली. झरे त्या दगडांच्या फटींतून येत होते, पण ठेकेदाराच्या कागदावर झरे नव्हते, गळती होती. ती त्याने थांबवली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी विहिरीत पाणी कमी दिसलं म्हणून टँकर आणून ती भरली. विहिरीत पाणी ओतताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आवाज सुंदर येतो.

बाई त्या उद्घाटनाला आल्या. पहिल्या रांगेत बसल्या. शाल घेतली, नारळ घेतला, हार घातला तेव्हा खाजतंय म्हणाल्या नाहीत. बाई अखेर माणसांत आल्या, असं विमा माझ्या कानात म्हणाले. पाहुण्यांनी भाषणात त्यांना 'जलमाता' म्हटलं. बाईंनी त्या शब्दालाही मान डोलावली. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण त्या बसल्या होत्या म्हणून मीही बसून राहिलो.

टँकरचं पाणी हळूहळू जमिनीत जिरलं. मार्चमध्ये बाव आटली. आकाशी भिंतीवरचे मासे तेवढे राहिले. वस्तीतल्या बायका बाईंकडे आल्या. टँकर हवा होता. ज्या कचेरीची पायरी बाई जन्मात चढल्या नव्हत्या, तिथे त्या गेल्या. गुडघ्यांमुळे एकेक पायरी घेत. सोबत मी होतो. आत एक तरुण कारकून होता, वागायला सभ्य.

"मॅडम, तुमच्या संस्थेची एवढी चांगली विहीर असताना टँकर कसा मागताय?"

"आटल्या ती."

"अशी कशी आटंल? हे बघा की." त्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. उद्घाटनाचा फोटो होता. काठोकाठ पाणी, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. "भरलेली दिसत्या."

"ते टँकरचं पाणी हुतं."

"म्हणजे टँकर मिळालाय की तुम्हाला."

ज्यांच्या आवाजाने अख्खं मैदान जागच्या जागी उभं राहत असे, त्या बाई त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग "बरं हाय," म्हणाल्या आणि उठल्या.

जिन्यात त्या मध्येच बसल्या. येणारे जाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

"शाळेत पोरींना पळा म्हटलं की पळायच्या," त्या म्हणाल्या. "का पळायचं ते एकीनं कधी इचारलं न्हाय. मला वाटायचं, चांगलं शिकवलंय मी."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"सांगायला पायजे हुतं, लायब्ररी. माजीच माणसं हुती. त्यास्नी सांगितलं असतं तर त्यांनीच राखल्या असत्या काट्या. हातात काठी घेऊन राखल्या असत्या."

"अजून सांगता येईल."

"आता? आता सांगून त्या दाताला मारू व्हय? त्यो मरंल. त्येला वाटतंय त्येनं मला बाव दिली."

त्यानंतर बाई फारशा बाहेर पडल्या नाहीत. दुपारी जाऊन भेटलं तर दूरदर्शनवर कुस्त्या चाललेल्या असत आणि बाई त्या बघत नसत. बोलायच्या सगळ्यांशी नीट. ते ऐकवत नसे. वस्तीतली दोन घरं उठून शहरात आली, उरलेली लांबच्या एका बोअरवरून पाणी आणतात. थंडीत एका पहाटे बाई झोपेतच गेल्या.

शोकसभा दवाखान्यातच झाली, किडलेल्या दाढेच्या चित्राखाली. खुर्च्या पुरल्या नाहीत. चाचा आले होते आणि दाराशी उभे होते. डॉक्टर उभे राहिले. बाईंचं सर्वांत मोठं स्वप्न आपण त्यांच्या डोळ्यांदेखत पुरं करू शकलो, ही आपली पुण्याई, असं म्हणाले. बाईंच्या स्मरणार्थ संस्थेने दरवर्षी एक जुनी विहीर शोधून तिचं असंच सुशोभीकरण करून घ्यावं, असं त्यांनी सुचवलं. तीन विहिरी त्यांनी हेरूनही ठेवल्या होत्या. संस्थेच्या इतिहासातला पहिला ठराव सूचक आणि अनुमोदकासह, एकमताने मंजूर झाला.

चाचा बाहेर गेले. मी त्यांच्या मागोमाग गेलो.

"आनकी तीन बावा?" ते म्हणाले.

"हो."

"तुमास्नी ठावं हाय न्हवं सगळं? मग बोलत का न्हाय?"

"बाईंनी कुणाला बोलू नका म्हटलं होतं."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, जरा नवल वाटल्यासारखं. "बाई बोलल्या न्हाईत म्हनून तर एक गेली," ते म्हणाले आणि बसथांब्याकडे चालू लागले.

मी आत आलो. लोक पांगेपर्यंत थांबलो. डॉक्टर एकटेच आतल्या खोलीत, पेशंटच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. तळ्यापासून गिलाव्याखाली दबलेल्या झऱ्यांपर्यंत. काट्या कुणी टाकल्या होत्या, का टाकल्या होत्या, नंतर पुन्हा कुणी टाकल्या. बोलून झाल्यावर मला वाटलं, बाई म्हणत होत्या तेच खरं, हा माणूस यातून उठायचा नाही.

डॉक्टरांनी उजवा तळहात उलटा केला आणि बघत राहिले.

"त्या काट्या मी हातानं ओढल्या होत्या," ते म्हणाले. "कोयता चालत नव्हता नीट. चार-पाच काटे आत मोडले होते. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी बाई इथं आल्या. मला ह्या खुर्चीत बसवलं, हा दिवा हातावर ओढला आणि सुई घेऊन एकेक काटा काढला. पेशंट बाहेर खोळंबले होते. मी म्हटलं, बाई, काहीतरी बोला की."

"मग?"

"म्हणाल्या, हालू नको."